शेवटचे आजारपण आणि आपली जबाबदारी



नोव्हेंबर महिना आपण परलोकवासी झालेल्यांच्या स्मरणात घालवतो. २ तारखेला आपण दफनभूमीत जमलो, कबरींवरचे गवत काढले, मेणबत्त्या लावल्या आणि आपापल्या माणसांसाठी प्रार्थना केली. मेलेल्यांसाठी प्रार्थना कशी करावी हे आपल्याला ठाऊक आहे. पण माणूस अजून जिवंत असताना, त्याचे दिवस भरत आलेले असताना, त्याच्यासाठी कोणता निर्णय घ्यावा आणि कोणता घेऊ नये याविषयी आपण घरात बोलत नाही. खरे सांगायचे तर चर्चमध्येही आम्ही यावर फारसे बोललो नाही. म्हणून आजचा पाठ या विषयावर आहे.

एक प्रश्न, ज्याचे उत्तर आम्ही दिले नाही

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. ओळख पटू नये म्हणून गाव आणि नाव लिहीत नाही. ऐंशी ओलांडलेले एक आजोबा. अन्ननलिकेचा कॅन्सर, तो यकृतात पसरलेला. डॉक्टरांनी घरच्यांना आधीच स्पष्ट सांगितले होते. एका रात्री त्यांना श्वास लागला, मुले घाबरली आणि गाडी करून त्यांना मोठ्या शहरातल्या रुग्णालयात घेऊन गेली. तिथे व्हेंटिलेटर लागला. तिसऱ्या दिवशी आम्ही भेटायला गेलो, तेव्हा थोरला मुलगा पायरीवर बसला होता. त्याने विचारले, "फादर, मशीन काढी टाकं तं आमले पाप लागी का?"

आम्ही म्हणालो, "देवावर भरवसा ठेवा, प्रार्थना करा." वाक्य चांगले होते, पण ते त्याच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. पापाच्या भीतीने मुलांनी काहीच ठरवले नाही. केळीचे दीड एकर रान गहाण पडले. अकराव्या दिवशी पहाटे आजोबा गेले, तेव्हा जवळ कोणी नव्हते. आयसीयूमध्ये दिवसातून दोनदा, एकेकाला दहा मिनिटे एवढीच भेट होती. मुलगा खाली पायरीवर झोपला होता. आम्ही पवित्र तेल घेऊन पोहोचलो तेव्हा उशीर झाला होता. पहिल्या भेटीत पायरीवर बोलत उभे राहण्याऐवजी वर जाऊन रुग्णाभ्यंग द्यायला हवा होता, हेही आम्हाला सुचले नव्हते.

सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो. याच प्रश्नावर परीक्षेत चार पाने लिहिली होती. पायरीवर मात्र कामाचे एक वाक्य सुचले नाही. आजचा पाठ म्हणजे त्या मुलाला द्यायचे राहिलेले उत्तर आहे.

अरुणा शानबाग: चमच्याने भरवलेली वर्षे

आपल्या देशात या विषयाची चर्चा घरोघरी पोहोचली ती मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील एका परिचारिकेमुळे. अरुणा शानबाग मूळच्या कर्नाटकातील हळदीपूरच्या. वय २५, लग्न ठरलेले. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच रुग्णालयातील एका कामगाराने त्यांच्यावर पाशवी हल्ला केला आणि कुत्र्याच्या साखळीने त्यांचा गळा आवळला. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही. त्या वाचल्या, पण पुन्हा भानावर आल्या नाहीत.

त्यानंतर जवळजवळ ४२ वर्षे के.ई.एम.च्या परिचारिकांनी त्यांना सांभाळले. १९७३ मधल्या मैत्रिणी निवृत्त झाल्या, नव्या मुली आल्या. ज्यांनी अरुणाला कधी बोलताना पाहिले नव्हते, त्यांनीही तिला अंघोळ घातली, कूस बदलली, मऊ केलेला घास चमच्याने भरवला आणि अखेरच्या वर्षांत नळीने अन्न दिले. महापालिकेने तिला दुसरीकडे हलवायचे ठरवले तेव्हा परिचारिकांनी काम बंद करण्यापर्यंत विरोध केला. इतकी वर्षे अंथरुणाला खिळलेल्या त्या शरीरावर शय्याव्रण नव्हते, याची नोंद सर्वोच्च न्यायालयातही झाली. ज्यांनी घरात अंथरुणावरचे माणूस सांभाळले आहे, त्यांना या एका वाक्यामागे किती हातांचे कष्ट आहेत ते कळेल.

२००९ मध्ये पत्रकार पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला की अरुणाला अन्न देणे थांबवावे आणि तिला शांतपणे मरू द्यावे. त्यांच्या मनात क्रूरता नव्हती. त्यांनी अरुणावर पुस्तक लिहिले होते आणि तिचे हाल पाहून त्या कळवळल्या होत्या. न्यायालयाने तीन डॉक्टरांकडून तपासणी करवली. अरुणाचा मेंदू मृत झालेला नव्हता. ७ मार्च २०११ रोजी निकाल लागला. न्यायालयाने अर्ज फेटाळला आणि म्हटले की तिच्या वतीने बोलण्याचा खरा अधिकार तिला इतकी वर्षे सांभाळणाऱ्या के.ई.एम.च्या माणसांचा आहे, आणि त्यांना ती जगावी असे वाटते. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणाचे निधन झाले.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घेऊ या. त्या दशकांमध्ये अरुणाला कोणत्याही यंत्राने जगवले नव्हते. अन्न, पाणी, स्वच्छता आणि माणसांचा स्पर्श यांवर ती जगली. आपले आजोबा मात्र मरणाच्या दारात होते आणि यंत्र त्यांचा श्वास ओढत होते. वर्तमानपत्रांत दोन्हींना 'दयामरणाचा प्रश्न' असेच म्हणतात. पण हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगळी आहेत.

मारणे आणि मरू देणे

ख्रिस्तसभेची शिकवण दोन वाक्यांत सांगता येते. पहिले: दुःख संपवण्यासाठी म्हणून माणसाचा जीव घेणे, मग ते इंजेक्शनने असो वा मुद्दाम उपाशी ठेवून असो, हे पाचव्या आज्ञेविरुद्ध आहे. दुसरे: मरण जवळ आलेले असताना ज्या उपचारांनी फायदा होण्याची आशा नाही, उलट त्रास आणि ओझेच वाढणार आहे, ते उपचार नाकारणे किंवा थांबवणे हे पाप नाही. पहिल्यात आपण मरण घडवून आणतो. दुसऱ्यात मरण आपल्याला रोखता येत नाही एवढेच आपण मान्य करतो. कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात परिच्छेद २२७७ आणि २२७८ एकापाठोपाठ वाचले की हा फरक स्पष्ट होतो.

काहींना वाटते की ही नवी, सैल झालेली शिकवण आहे. तसे नाही. १६व्या शतकात स्पेनमध्ये फ्रान्सिस्को दे व्हितोरिया नावाचे डोमिनिकन पंडित होते. त्यांनी तेव्हाच शिकवले की जीव राखणे हे कर्तव्य आहे, पण आजाऱ्याने जगण्यासाठी न परवडणारे महागडे अन्न खाल्लेच पाहिजे असे बंधन देवाने घातलेले नाही. पुढे व्हेंटिलेटर आले तेव्हा भूलतज्ज्ञांनी पोपमहोदयांना प्रश्न केला. २४ नोव्हेंबर १९५७ रोजी पोप बारावे पायस यांनी उत्तर दिले की आपले कर्तव्य साधारण उपायांपुरते आहे. रोग्यावर किंवा घरच्यांवर फार जड ओझे टाकणारे असाधारण उपाय बंधनकारक नाहीत. १९८० च्या व्हॅटिकन जाहीरनाम्याने, १९९५ मध्ये संत दुसरे जॉन पॉल यांच्या जीवनाविषयीच्या परिपत्रकाने आणि २०२० च्या पत्रकानेही हेच पुन्हा सांगितले.

मग साधारण काय आणि असाधारण काय? यंत्राच्या नावावरून हे ठरत नाही. आपल्या तालुक्यातलेच उदाहरण घ्या. रात्री खळ्यात झोपलेल्या तरुण मजुराला मण्यार चावते. विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात. सर्पदंशाची लस द्यायची आणि काही दिवस व्हेंटिलेटरवर ठेवायचे, की तो पुन्हा चालत घरी येऊ शकतो. त्याच्यासाठी व्हेंटिलेटर हे कर्तव्य आहे, त्यासाठी धावपळ करायची, उसनवारी करायची. तेच यंत्र, तीच खोली, पण कॅन्सर सर्वत्र पसरलेल्या आजोबांसाठी त्याचा अर्थ वेगळा होतो. तिथे यंत्र रोग बरा करत नाही, फक्त मरण लांबवते.

म्हणून डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. या उपचाराने बरे वाटण्याची, घरी परतण्याची खरी आशा किती आहे? त्याचा त्रास आणि खर्च किती? आणि रोग्याची स्वतःची इच्छा काय आहे? तिसरा प्रश्न आपण बहुतेक वेळा विचारतच नाही. आजारी माणूस शुद्धीत असूनही आपण त्याला बाजूला ठेवून व्हरांड्यात ठरवतो.

आणखी एक. डॉक्टरांनी तपासण्या करून 'मेंदू मृत झाला आहे' असे प्रमाणित केले असेल, तर तो मृत्यूच आहे. तिथे यंत्र काढण्याने कोणी मरत नाही.

अन्न, पाणी आणि हात

उपचार थांबवला म्हणजे माणसाला सोडले असे होत नाही. औषध थांबले तरी सेवा थांबत नाही: ओठ ओले करणे, तोंड पुसणे, कूस बदलणे, चादर बदलणे, हात धरणे. अन्न-पाण्याविषयी ख्रिस्तसभेने २००७ मध्ये स्पष्टीकरण दिले. अरुणासारख्या दीर्घकाळ बेशुद्ध असलेल्या रोग्याला नळीने द्यावे लागले तरी अन्न-पाणी ही मुळात सेवाच आहे. शरीर ते स्वीकारते आहे आणि त्याने मोठा त्रास होत नाही, तोपर्यंत ते द्यावे. अगदी शेवटच्या दिवसांत शरीर स्वतःच अन्न घेईनासे होते, पोटात टिकत नाही, पाणी फुफ्फुसांत साठू लागते. तेव्हा जबरदस्तीने भरवणे ही सेवा राहत नाही. उपाशी ठेवून मरण आणणे वेगळे, आणि मरणाऱ्याची भूक मावळणे वेगळे.

इथे आपले शेजारी विनोबाजींचे उदाहरण देतात. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये त्यांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली, म्हणून खानदेशाला विनोबा घरचेच वाटतात. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनी अन्न, पाणी आणि औषध नाकारले आणि १५ तारखेला देह ठेवला. आम्हाला विचारतात, "फादर, ते चूक होते का?" त्यांच्या अंतःकरणाचा न्याय करणारे आम्ही कोण? त्यांची श्रद्धा आणि परंपरा यांचा आदर ठेवूनच आम्ही एवढे सांगतो: आपल्या श्रद्धेप्रमाणे औषध नाकारण्याचे स्वातंत्र्य आहे, पण मरण यावे म्हणून अन्न-पाणी सोडणे हा आपला मार्ग नाही. जीवन हे आपल्याकडे सोपवलेले दान आहे. ते केव्हा परत करायचे हे आपण ठरवत नाही.

वेदना सहन केलीच पाहिजे का?

आपल्यातल्या काही भाविक आजी म्हणतात, "येशूने सोसले, मीही सोसते. इंजेक्शन नको." ही इच्छा पवित्र आहे. येशूने क्रुसाजवळ दिलेला बोळ मिसळलेला द्राक्षारस घेतला नाही, हे मार्कच्या शुभवर्तमानात आपण वाचतो. पण ज्याला वेदना सोसवत नाही त्याच्यावर ते बंधन घालता येत नाही. आणि दुसऱ्याच्या वेदनेचा निर्णय आपण तर मुळीच घेऊ नये.

१९५७ मध्येच पोपमहोदयांनी सांगितले होते की वेदना शमवण्यासाठी मॉर्फिनसारखे औषध देणे योग्य आहे, जरी त्यामुळे गुंगी आली किंवा आयुष्य थोडे कमी होण्याची शक्यता असली तरी. अट एवढीच की हेतू वेदना कमी करण्याचा असावा, मारण्याचा नसावा. तत्त्वज्ञानात याला दुहेरी परिणामाचे तत्त्व म्हणतात. सोप्या भाषेत, डॉक्टर मात्रा वेदनेकडे पाहून वाढवतो की मरणाकडे पाहून, हा प्रश्न आहे. आज तज्ज्ञ सांगतात की मॉर्फिन योग्य मात्रेत दिले तर आयुष्य घटण्याची भीतीही फारशी उरत नाही. मात्र शुद्ध जाण्याआधी माणसाला निरोप घेण्याची, समेट करण्याची आणि साक्रामेंत स्वीकारण्याची संधी द्यावी.

आपल्याकडे अडचण औषध मिळण्याची आहे. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने मॉर्फिन इतके परवान्यांत अडकले की रुग्णालये ते ठेवायलाच घाबरू लागली. २०१४ मध्ये कायदा सुधारून वैद्यकीय वापर सोपा केला, तरी लहान गावांत ते सहज मिळत नाही. म्हणून कॅन्सरच्या रोग्याला घरी आणताना डॉक्टरांना नुसते "आता काही होणार नाही" एवढे ऐकून परतू नका. "वेदनेसाठी काय देता, ते कुठे मिळेल, श्वास लागला तर काय करायचे?" हे विचारून, लिहून घ्या. आपल्या भागात कितीतरी जण 'स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत' अशी सही करून रोग्याला घरी आणतात आणि मग तो विनाऔषध तळमळतो. घरी आणणे चूक नाही. रिकाम्या हाताने आणणे चूक आहे.

मुंबईत वांद्र्याला, माउंट मेरीच्या टेकडीवर, 'शांती आवेदना सदन' आहे. कॅन्सरचे शल्यचिकित्सक डॉ. एल. जे. डिसूझा यांनी १९८६ मध्ये ते सुरू केले. बरे होण्याची आशा संपलेल्या कॅन्सरग्रस्तांसाठीचे भारतातील हे पहिले सदन. धर्मभगिनी तिथे सर्व धर्मांच्या रोग्यांची विनामूल्य सेवा करतात. जीव घेण्याचा प्रश्न तिथे येत नाही आणि जीव ओढून धरण्याचाही येत नाही. वेदना आटोक्यात ठेवतात, जखमा धुतात, माणसाजवळ बसतात.

कायदा काय सांगतो?

इंजेक्शन देऊन जीव घेणे हा भारतात गुन्हा आहे. उपचार थांबवण्याविषयी मात्र कायदा हळूहळू स्पष्ट होत गेला.

२०११ च्या अरुणा निकालाने उच्च न्यायालयाच्या परवानगीने, काटेकोर अटींवर, उपचार थांबवण्याची वाट दाखवली. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सन्मानाने मरणे हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या अधिकाराचा भाग मानला आणि आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. त्याला 'लिव्हिंग विल' म्हणतात. ती पद्धत फार किचकट होती म्हणून २४ जानेवारी २०२३ रोजी ती सोपी करण्यात आली. आता सज्ञान, शुद्धीतील व्यक्तीने दोन साक्षीदारांसमोर इच्छापत्र लिहावे आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकित करावे. आपण बोलू शकलो नाही तर कोणी बोलायचे त्यांची नावे त्यात लिहावीत. प्रत्यक्ष वेळ आली की रुग्णालयातील डॉक्टरांचे एक मंडळ आणि मग दुसरे मंडळ रोग्याची स्थिती तपासते. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यावे असे अपेक्षित आहे. निर्णय अमलात आणण्यापूर्वी दंडाधिकाऱ्यांना कळवले जाते. इच्छापत्र नसले तरी घरच्यांच्या संमतीने याच मार्गाने जाता येते.

इच्छापत्राची प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या अधिकाऱ्याकडे ठेवायची असते. मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी त्यासाठी उच्च न्यायालयात याचिका केली आणि २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने असे अधिकारी नेमल्याचे सांगितले. ३१ मे २०२४ रोजी गोव्यात उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे इच्छापत्र नोंदवले. गोव्यातील ते पहिलेच.

कॅथोलिक माणसाने असे इच्छापत्र करावे का? करू शकतो. पण तयार छापील नमुन्यावर डोळे मिटून सही करू नये. "बरे होण्याची आशा नसताना मला यंत्रावर ठेवू नये, वेदना शमवावी, अन्न-पाणी शरीर घेईल तोवर द्यावे, धर्मगुरूंना बोलवावे" असे आपल्या शब्दांत लिहावे. आणि शब्दांच्या घोळात अडकू नये. न्यायालयाच्या भाषेत उपचार थांबवण्याला 'निष्क्रिय दयामरण' म्हटले जाते. ते नाव ऐकून घाबरू नका. निरुपयोगी उपचार थांबवण्याला ख्रिस्तसभा दयामरण म्हणतच नाही.

"मी ओझे झालो"

सर्वात अवघड गोष्ट शेवटी लिहितो. आजारी माणसांना कम्युनियन द्यायला घरोघरी जातो तेव्हा आम्हाला यंत्राविषयीचे प्रश्न क्वचितच ऐकू येतात. ऐकू येते ते हे: "फादर, देवाला सांगा, मला घेऊन जा म्हणावं. मी ओझे झालो." मुले कामासाठी सुरतेला. घरात एक सून. तीच शेतात जाणार, तीच स्वयंपाक करणार, तीच सासऱ्याचे अंथरूण धुणार. अशा घरात 'सन्मानाने मरण' हे शब्द फार जपून वापरावे लागतात. नाहीतर म्हाताऱ्याला वाटेल की लवकर जाणे हेच आपले शेवटचे कर्तव्य आहे.

आपल्या भागात दोन्ही प्रकारचा अन्याय होतो. ज्याच्याकडे गहाण ठेवायला रान आहे, त्याचे मरण यंत्रांनी लांबवले जाते. ज्याच्याकडे काहीच नाही, तो पाड्यावर साध्या सलाईनवाचून, बरा होऊ शकणाऱ्या आजारानेही जातो. त्या दुसऱ्या माणसाच्या बाबतीत "देवाची इच्छा" म्हणणे हा त्याचा अपमान आहे. त्याच्यासाठी गाडी करणे, तालुक्याच्या रुग्णालयात पोहोचवणे, हेच आपले पहिले कर्तव्य.

राजांच्या पहिल्या ग्रंथात एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागतो. देव त्याला रागावत नाही आणि त्याचे मागणे पुरेही करत नाही. त्याला झोपू देतो, मग दूताकरवी गरम भाकर आणि पाण्याचा सुरई उशाशी ठेवतो. दोनदा. मरण मागणाऱ्या माणसाला देवाने दिलेले उत्तर हे असे आहे. म्हाताऱ्याची "घेऊन जा" ही हाक बहुधा "माझ्याजवळ बसा" अशी असते. आणि सुनेला प्रवचनाची गरज नसते. आठवड्यातून दोन दुपारी कोणीतरी तिच्या जागी बसावे, एवढी तिची गरज असते.

संत दुसरे जॉन पॉल यांनी २००५ मध्ये शेवटच्या दिवसांत पुन्हा रुग्णालयात न जाता व्हॅटिकनमधील आपल्या खोलीतच राहणे पसंत केले. २ एप्रिलच्या रात्री ते गेले. जवळ सेवा करणारी माणसे होती, उशाशी मिस्सा झाली होती, खाली चौकात लोक प्रार्थना करत होते. प्रत्येकाच्या वाट्याला चौक येत नाही, पण खाटेजवळ दोन माणसे आणि एक प्रार्थना हे आपल्या कोणत्याही पाड्यावर जमण्यासारखे आहे.

या महिन्यात करायच्या गोष्टी

१. एका संध्याकाळी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा: मोठा आजार आला तर तुम्हाला काय हवे, कुठे राहायला आवडेल? त्यांनी अभद्र बोलू नका म्हटले तरी आठ दिवसांनी पुन्हा विचारा.

२. धर्मगुरूंना वेळेवर बोलवा. रुग्णाभ्यंग हा मरणाचा शिक्का नाही, तो आजाऱ्यांचा साक्रामेंत आहे. गंभीर आजार कळला, मोठे ऑपरेशन ठरले, वार्धक्याने शक्ती खचली की बोलवा. रोग्याला बोलता येते तोवर प्रायश्चित्त आणि कम्युनियन घेता येते. रात्री-अपरात्री फोन करायला संकोच करू नका.

३. रुग्णालयात निर्णय घ्यायचा असेल तर एकट्या थोरल्या मुलावर टाकू नका. सर्वांनी मिळून डॉक्टरांना वरचे तीन प्रश्न विचारा. आम्हालाही बोलवा.

४. प्रत्येक वाडीने व पाड्याने आपल्याकडच्या अंथरुणाला खिळलेल्यांची यादी मिस्सानंतर आमच्याकडे द्यावी. सेवेला आठवड्यातून दोन तास देऊ शकणाऱ्यांनीही नावे द्यावीत. धर्मभगिनी कूस बदलणे आणि जखम साफ करणे शिकवतील.

विचारासाठी प्रश्न

अ) आपल्या घरात शेवटचे मरण कसे झाले? तेव्हा काय वेगळे करता आले असते?

आ) मण्यार चावलेला तरुण आणि कॅन्सर पसरलेले आजोबा, या दोघांच्या उपचारांत फरक करणे योग्य का आहे? मुलांना समजावून सांगा.

इ) आपल्या शेजारी कोणती सून, कोणती मुलगी एकटी सेवा करत आहे?

त्या मुलाचे रान दोन वर्षांनी सुटले. मागच्या पावसाळ्यात तो भेटला तेव्हा आम्ही त्याला उशिरा का होईना सांगितले, "नाही भाऊ, पाप लागलं नसतं. तुम्ही त्यांना घरी आणून उशाशी बसला असता, तरी ते वडिलांवरचं प्रेमच ठरलं असतं." तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "फादर, हे सगळ्यांना सांगा."

म्हणून सांगितले.

प्रार्थना

हे प्रभू येशू, तुझ्या मरणाच्या वेळी तुझी आई क्रुसाजवळ उभी होती. तिला तुझ्या वेदना थांबवता आल्या नाहीत, पण ती हलली नाही. आमच्या घरातील आजाऱ्यांजवळ उभे राहण्याचे बळ आम्हाला दे. केव्हा झगडावे आणि केव्हा तुझ्या हाती सोपवावे याची समज दे. सेवा करणाऱ्या हातांना विसावा दे. आणि आमची वेळ येईल तेव्हा आमच्या उशाशी कोणी असू दे, आणि तू असू दे. आमेन.

आपले धर्मगुरू
शिरपूर